विमानाने जाताना रॉड, रील आणि गळ : केबिनमध्ये काय न्यावे, सामानात काय द्यावे?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत आम्ही तिघे मित्र पुण्याहून चेन्नईमार्गे अंदमानला गळाने मासे धरायला जाणार आहोत. आजवर आमचे गरवणे रेवदंड्याची खाडी आणि हर्णैचे खडक एवढ्यापुरतेच होते, आणि तेथे गाडीच्या टपाला रॉड बांधले की सामानाचा प्रश्न मिटत असे. आता मात्र सगळे साहित्य विमानाने न्यायचे आहे. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे बोट निघणार आहे, त्यामुळे वाटेत सामान अडकले किंवा मागे राहिले तर ते येण्याची वाट पाहायला आमच्याकडे वेळ नाही.

साहित्य असे आहे : मोठ्या ट्रेव्हली माशासाठी आठ फुटी पॉपिंग रॉड, खोल पाण्यासाठी आखूड जिगिंग रॉड, चार मोठी रील (दोरी गुंडाळायच्या फिरक्या), पॉपर आणि स्टिकबेट (पाण्याच्या वरच्या थरात ओढायची नकली आमिषे), धातूचे जिग (खोलवर सोडायची जड आमिषे), ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ), असिस्ट हुक (जिगला जोडायचे गळ), पक्कड, ब्रेडची म्हणजे विणलेल्या दोरीची कात्री आणि शिसे. एका मित्राचे म्हणणे असे की मौल्यवान वस्तू कधीही चेक-इनच्या सामानात देऊ नये, सर्व काही हातात ठेवावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की गळासंबंधीची कोणतीही वस्तू सुरक्षा तपासणीत थांबवली जाईल, म्हणून सर्व काही सामानात द्यावे. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. वजन, लांबी, पॅकिंग, तपासणी, सगळ्याचीच माहिती हवी आहे.

दर्यावर्दी

तुमच्या दोन्ही मित्रांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. साहित्याची वाटणी वस्तूच्या किमतीवरून न करता तिचे टोक, तिचे वजन आणि तिच्यातील बॅटरी पाहून करावी.

भारतातल्या विमानतळांवर केबिनमध्ये काय चालते हे ब्यूरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीच्या यादीवरून ठरते आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर तपासणी सीआयएसएफचे जवान करतात. टोकदार आणि धारदार वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत, म्हणून ट्रेबल हुक, असिस्ट हुक, हुक लावलेले पॉपर, गाफ (मासा वर ओढायचा आकडा), फिलेटची सुरी आणि कात्री हे सर्व सामानातच गेले पाहिजे. खेळाच्या साहित्यापैकी क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फचे दांडे, बिलियर्ड्सची क्यू आणि पाण्याखाली मासे मारण्याची भालाबंदूक केबिनमध्ये नेता येत नाही, पण सामानात देता येते. गळाचा रॉड हा याच दांड्यांचा भाऊबंद आहे असे समोरच्या जवानाला वाटले, तर त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. शेवटचा शब्द त्याचा असतो, आणि मागे रांग उभी असते.

रील मात्र केबिनमध्येच न्यावे. मोठे सॉल्टवॉटर रील पाऊण किलोच्या आसपास असते आणि त्याची किंमत अनेकदा रॉडहून जास्त असते. हँडल काढून वेगळे ठेवावे, ड्रॅग (मासा दोरी ओढतो तेव्हा रोध देणारा ब्रेक) पूर्ण सैल करावा म्हणजे आतील वॉशरवर प्रवासभर दाब राहत नाही, स्पूलवरचे ब्रेडचे टोक चिकटपट्टीने बसवावे आणि प्रत्येक रील जाड मोज्यात घालावे. तपासणीच्या वेळी लॅपटॉपसारखेच ते स्वतःहून वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवावे. पिशवीत चार रील एकमेकांवर असतील तर यंत्राच्या पडद्यावर धातूचा एक काळा ढीग दिसतो आणि पिशवी हमखास उघडली जाते. सुटे ठेवले की आत काय आहे ते जवानाला लगेच कळते.

गणितवेडा

लांबीचा हिशोब आधी केला तर पुढचे अर्धे प्रश्न उरत नाहीत.

अनेक विमान कंपन्या सामानातल्या एका नगाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. त्यापुढे नग ओव्हरसाइज ठरतो आणि शुल्क लागू शकते. आता अकरा सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या. दोन बाजूंचे बावीस सेंटिमीटर वजा केले की लांबीसाठी १३६ उरतात. सात फुटी रॉड म्हणजे २१३ सेंटिमीटर. तो एकसंध असेल तर मर्यादेबाहेर जातो. मधोमध जोड असलेल्या दोन तुकड्यांचा असेल तर प्रत्येक तुकडा सुमारे ११० भरतो आणि नळी मर्यादेत राहते. आठ फुटी दोन तुकड्यांचा रॉडही सव्वाशेच्या आसपास जातो, म्हणजे तोही बसतो.

खरी अडचण पॉपिंगच्या पुष्कळशा रॉडची आहे, कारण त्यांचा जोड मधोमध नसून मुठीजवळ असतो. मूठ आखूड आणि पुढचा भाग पावणेदोन मीटरच्या घरात, अशी ती रचना असते. तो भाग १५८ मध्ये कोणत्याही नळीने बसत नाही. तेव्हा धागाकर्त्यांनी आजच रॉडचा सर्वांत लांब तुकडा टेपने मोजावा आणि विमान कंपनीला आकडा सांगून लेखी उत्तर घ्यावे.

केबिनची गोष्ट वेगळी आहे. देशांतर्गत उड्डाणांवर बहुधा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची पिशवी आणि सात किलो वजन एवढीच मुभा असते. सात फुटी चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड दुमडल्यावर सुमारे ५७ सेंटिमीटर होतो. तो उभा बसत नाही, पण ५५ × ३५ च्या पिशवीचा कर्ण ६५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे तिरपा बसतो. नऊ फुटी चार तुकड्यांचा फ्लाय रॉड नळीसह पाऊण मीटरच्या पुढे जातो, म्हणून तो तिरपाही बसत नाही.

प्रवासी_पक्षी

एक भाबडा प्रश्न विचारतो. अंदमानात बोटवाले साहित्य भाड्याने देतात ना? मग एवढे ओझे न्यायचे कशाला?

तांबोशी

देतात, आणि काही ठिकाणी चांगले देतात. तरीही मी स्वतःचे साहित्य नेण्याच्या बाजूने आहे. वीस-पंचवीस किलोची ट्रेव्हली खडकाकडे धाव घेते तेव्हा ड्रॅग किती घट्ट आहे, ब्रेडला कुठे घासण आहे का, लीडरची (हुकाकडच्या जाड दोरीची) गाठ कोणी आणि कधी बांधली, हे सर्व ठाऊक असावे लागते. भाड्याच्या रीलवरची दोरी मागच्या पाहुण्याने कशी वापरली ते आपल्याला कोण सांगणार? मासा तुटून गेला तर तो तोंडात हुक आणि मागे लांब दोरी घेऊन फिरतो. माशाला पकडून नीट सोडून देण्याचा नियम पाळणाऱ्याला हे अजिबात सहन होण्यासारखे नसते.

मात्र मधला मार्ग आहे. रील, ब्रेड, लीडर आणि लूर (नकली आमिषे) आपले न्यावेत आणि लांब पॉपिंग रॉड तेथे भाड्याने घ्यावा. रॉड नजरेने तपासता येतो : गाइडमधले (दोरी ओवतात त्या वळ्यातले) कडे तडकले आहे का ते कापसाचा बोळा फिरवून कळते, कारण तडा असेल तर कापसाचे धागे अडकतात. रीलच्या आत काय झिजले आहे ते असे कळत नाही. या मार्गाने गणितवेडा यांनी मांडलेला लांबीचा प्रश्नही मुळातच संपतो.

दर्यावर्दी

तांबोशी यांच्याशी रीलबाबत सहमत, रॉडबाबत नाही. स्वतःच्या रॉडने जी फेक जमते ती अनोळखी रॉडने पहिल्या दिवशी जमत नाही, आणि तीन दिवसांच्या मोहिमेत पहिला दिवस फार मोलाचा असतो. रॉड न्यावा, मात्र नळी भक्कम हवी.

वेंगुर्ल्याची_वाट

तुम्हा सर्वांचे साहित्य वाचून आनंद झाला. आमच्याकडे अजूनही पुष्कळ जण लाकडी फिरकीवर गुंडाळलेली दोरी, एक शिसे आणि दोन गऱ्या एवढ्यावर गोबरे आणि तांबोशी मासे काढतात. मुंबईहून सुट्टीला येणारी माझी भाचरे आता चिपीच्या किंवा मोपाच्या विमानाने येतात, तेव्हा हे सगळे एका डब्यात मावते. डबा सामानात टाकायचा, गऱ्या बुचात खुपसायच्या, आणि शिसे येथल्या बाजारात घ्यायचे, संपला विषय.

शिशाबद्दल मुद्दाम लिहितो. शिसे विमानाने नेऊच नये. वजनाने महाग पडते, आणि तपासणीच्या यंत्रात शिशाच्या पलीकडचे काही दिसत नाही, म्हणून सामान उघडले जाण्याची शक्यता वाढते. जेथे समुद्र आहे तेथे शिसे मिळते.

गणितवेडा

अगदी बरोबर. त्याला जोड म्हणून जिगचे वजनही धरा. दोनशे ग्रॅमचे वीस जिग म्हणजे चार किलो. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर बहुधा पंधरा किलो सामान मिळते, त्यातले चार किलो केवळ जिगवर गेले आणि नळीचे दोन-तीन किलो गेले, तर कपड्यांना फारसे उरत नाही. जादा वजन काउंटरवर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन घेतले तर स्वस्त पडते. हुक काढलेले जिग केबिनमध्ये न्यावेत असे काही जण सुचवतात, पण मूठभर धातूच्या जड पट्ट्या पाहून जवानाने त्या थांबवल्या तर तो त्याच्या अधिकारात आहे. तेथे त्या सोडून द्याव्या लागतील.

सई_सिॲटल

मी अमेरिकेत राहते आणि दर उन्हाळ्यात घरच्यांबरोबर अलास्काला सामन (सॅल्मन) मासे धरायला जाते. इकडचा नियम थोडा वेगळा आहे. टीएसए, म्हणजे इकडची विमानतळ सुरक्षा संस्था, रॉडला केबिनमध्ये आणि सामानात दोन्हीकडे परवानगी देते, मात्र विमान कंपनीच्या आकाराच्या मर्यादेत तो बसला पाहिजे. मोठे हुक गुंडाळून, टोके झाकून सामानात द्यावे लागतात. महागडी रील आणि लहान फ्लाय (कीटकासारखी नकली आमिषे) केबिनमध्ये नेता येतात. पक्कड सात इंचांपेक्षा आखूड असेल तर हातात चालते, सुरी कोणतीही चालत नाही. आणि टीएसए स्वतःच स्पष्ट लिहिते की अंतिम निर्णय तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. त्यामुळे यादीत ‘चालते’ असे लिहिलेले असले तरी ते तेवढ्याच अर्थाने घ्यावे.

दोन गोष्टी अलास्कासाठी. अस्वलांपासून बचावासाठी मिळणारा मोठा स्प्रे ना केबिनमध्ये चालतो ना सामानात, तो तेथे उतरल्यावर विकत किंवा भाड्याने घ्यावा आणि परतताना तेथेच सोडावा. दुसरे म्हणजे परतीचे मासे. लॉजवाले मासे निर्वात पिशवीत गोठवून मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून देतात. कोरडा बर्फ घालायचा असेल तर माणशी अडीच किलोपर्यंतच, विमान कंपनीच्या संमतीने आणि खोक्यातून वायू बाहेर पडायला वाट ठेवून. कोरड्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून खोका हवाबंद करणे धोक्याचे असते. जेलची पाकिटे केबिनमध्ये न्यायची असतील तर तपासणीच्या वेळी ती दगडासारखी गोठलेली हवीत, अर्धवट वितळली की ती द्रव पदार्थांच्या नियमात येतात.

आणि एक कळकळीची विनंती. आपले सामान उघडणारा माणूस आपल्या अनुपस्थितीत त्यात हात घालतो. आत उघडा ट्रेबल हुक असेल तर तो त्याच्या बोटात जाईल. प्रत्येक ट्रेबलवर प्लॅस्टिकची टोपी घालावी, टोपी नसेल तर जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा कापून बसवावा, त्यावर चिकटपट्टी लावावी, आणि हे सर्व कडक डब्यात ठेवून डब्यावर ‘आत धारदार गळ आहेत’ असे इंग्रजीत ठळक लिहावे. मऊ पिशवीत हुक ठेवणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

तांबोशी

सईताई, शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने वाचावा असा आहे. भारतात सामान उघडण्याची वेळ आली तर बहुधा प्रवाशाला बोलावून घेतात, तरी डबा हाताळणारे लोडर तेच असतात. मी तर हुक लूरपासून पूर्ण वेगळेच करतो. स्प्लिट रिंगच्या पकडीने ते काढायला थोडा वेळ लागतो, पण लूर एकमेकांना घासत नाहीत आणि तेथे पोहोचल्यावर नवे हुक बसवताना प्रत्येकाची धार पाहिली जाते.

मीरा_ऑकलंड

सर्व जण सुरक्षा तपासणीबद्दल लिहीत आहेत. आमच्याकडे न्यूझीलंडला येणाऱ्यांची खरी परीक्षा उतरल्यावर होते.

२००४ साली येथे दक्षिण बेटावरच्या नदीत डिडिमो नावाचे शेवाळ सापडले. ते नदीच्या तळावर जाड, तपकिरी थर धरते, आणि त्याच्या प्रसाराला पाण्याचा एक थेंबही पुरतो. म्हणून वापरलेले सर्व गोड्या पाण्यातले साहित्य, म्हणजे बूट, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), जाळी, रॉड, रील, आगमनाच्या अर्जावर जाहीर करावे लागते. साहित्य स्वच्छ आणि पूर्ण कोरडे असावे लागते. तळव्याला फेल्ट लावलेले बूट २००८ पासून येथल्या नद्यांत वापरायला बंदी आहे, कारण फेल्ट आतून वाळत नाही. जोखमीची वस्तू जाहीर केली नाही तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. जाहीर केले आणि साहित्य कोरडे असले तर अधिकारी पाहून परत देतात. बुटांच्या खाचांत चिखल दिसला तर धुण्यासाठी ठेवून घेतात.

गेल्या उन्हाळ्यात ठाण्याहून माझा मावसभाऊ आला होता. त्याने बूट टूथब्रशने घासून, नाडीची भोकेसुद्धा कापसाने पुसून, कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत सर्वांत वर ठेवले होते. अधिकारी बाईंनी पिशवी उघडली, बूट उलटे करून पाहिले आणि लगेच जायला सांगितले. बूट सुटकेसच्या तळाशी असते तर सगळे सामान टेबलावर काढावे लागले असते.

आइसलँडला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे : तेथे वापरलेले गळाचे साहित्य निर्जंतुक केल्याशिवाय आत नेता येत नाही. तेथल्या नद्यांतील सामनला बाहेरचा रोग लागू नये म्हणून ही काळजी आहे, आणि ती योग्यच आहे.

कयाकवाला

बॅटरीचा उल्लेख कोणी सविस्तर केला नाही, म्हणून लिहितो. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते, सामानात देता येत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. शंभर वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची संमती लागते आणि अशा दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. त्यापुढे प्रवासी विमानात मुळीच नाही.

आता हिशोब पाहा. इलेक्ट्रिक रीलची १४.८ व्होल्ट, सहा अँपिअर-तासांची बॅटरी ८९ वॉट-तासांच्या आत राहते, म्हणजे हातात चालते. पण कयाकवरच्या फिशफाइंडरसाठी वापरतात ती बारा व्होल्ट, वीस अँपिअर-तासांची बॅटरी २४० वॉट-तास होते. ती कितीही विनंती केली तरी चालणार नाही, घरीच ठेवावी. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि बॅटरीवरचा आकड्यांचा छापील कागद शाबूत असावा, कारण आकडा वाचता आला नाही तर अधिकारी ती थांबवतात.

आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमध्ये दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असते. माणशी एक जॅकेट, त्यात बसवलेली दोन छोटी सिलिंडर आणि दोन सुटी, एवढ्याला मुभा आहे, तीही विमान कंपनीने आधी संमती दिली तर. गंज सोडवायचे फवाऱ्याचे ज्वालाग्राही डबे मात्र कुठेच चालत नाहीत. रीलसाठी तेलाची छोटी ड्रॉपर बाटली पुरते.

प्रवासी_पक्षी

वाचता वाचता माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि आता मलाच रॉड घ्यावासा वाटू लागला आहे. नळी विकत घ्यावी की घरी करावी, तेवढे कोणी सांगेल का?

दर्यावर्दी

मी घरी करण्याच्या बाजूचा आहे. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप रॉडच्या सर्वांत लांब तुकड्यापेक्षा चार बोटे जास्त कापून घ्यावा. एका टोकाला टोपी कायमची चिकटवावी, दुसऱ्या टोकाला फिरकीची झाकणी बसवावी. दोन्ही टोकांच्या आत दोन बोटे जाडीचा फोम बसवावा. रॉडचे तुकडे उलटसुलट ठेवावेत, म्हणजे एकाचे नाजूक टोक दुसऱ्याच्या जाड बुडाला लागून राहते आणि त्याला आधार मिळतो. तीन ठिकाणी वेल्क्रोने बांधावे, मग उरलेल्या जागेत टी-शर्ट आणि टॉवेल भरावेत. नळी हलवून पाहावी, आत काहीही खडखडता कामा नये. रॉड बाहेरच्या धक्क्याने क्वचित मोडतो, नळीच्या आत पुढेमागे आपटूनच त्याचे टोक तुटते.

मधोमध उचलण्यासाठी पट्ट्याचे हँडल बांधावे. हँडल नसलेली गोल नळी लोडर फेकणार किंवा घरंगळत सोडणार, कारण त्याला ती धरायला जागाच नसते.

सागरगोटी

पीव्हीसी वजनाला जड पडतो. लांबी कमीजास्त करता येणारी तयार प्लॅस्टिकची नळी मला अधिक सोयीची वाटते, कारण परतताना एखादा रॉड कमी असेल तर ती आखूडही करता येते. मात्र तिच्या सरकत्या भागाची खिट्टी हा कच्चा दुवा आहे, तेथे आडवा नट-बोल्ट घालावा. कुलूप लावायचे तर अमेरिकेत टीएसएच्या चावीने उघडणारे लावावे, नाहीतर ते तोडले जाते.

काउंटरवर नळी नेहमीच्या पट्ट्यावर न घेता मोठ्या सामानाच्या वेगळ्या खिडकीकडे पाठवतात. उतरल्यावरही ती तेथल्याच वेगळ्या दारातून येते, म्हणून पट्ट्यावर दिसली नाही तर घाबरू नये. नळीवर नाव आणि फोन क्रमांक थेट रंगाने लिहावा, चिकटवलेला कागद राहत नाही. पुण्याच्या रांगेत एका आजोबांनी मला ‘सतार कुठली?’ असे फार आपुलकीने विचारले होते, मग विमानात बसेपर्यंत आम्ही दोघे नीरेतल्या मरळ माशावर बोलत होतो.

कलम_आणि_गळ

मोडतोड झाल्यास काय करावे, हे वकिलीच्या अनुभवातून लिहितो. विमानतळ सोडण्याआधी नळी उघडून प्रत्येक तुकडा पाहावा आणि काही मोडले असेल तर तेथेच विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होत असेल तर नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करावी लागते. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठी भरपाईची कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. तुमचे साहित्य याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी जास्त मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय करारात आहे, किंवा वेगळा विमा घ्यावा. काउंटरवर ‘नाजूक वस्तू, जबाबदारी मर्यादित’ अशा टॅगवर सही मागतात, तेव्हा काय लिहिले आहे ते वाचून मगच सही करावी. पॅकिंग करताना प्रत्येक थराचे छायाचित्र काढलेले असेल तर पॅकिंग सदोष होते हा बचाव टिकत नाही.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक करावे. महागडी रील भारतातून नेताना निर्गमनाच्या वेळी कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ती तेथे विकत घेतली नसून येथूनच नेली होती हे त्याने सिद्ध होते. अनुक्रमांक आणि बिल जवळ ठेवावे.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून आम्ही असे ठरवले आहे. रॉडचा लांब तुकडा मोजला, १७४ सेंटिमीटर भरला, म्हणून विमान कंपनीला ईमेल केला आणि खेळाचे साहित्य म्हणून शुल्क भरून घेण्यास त्यांनी लेखी होकार दिला. जिगिंग रॉड त्याच नळीत जातील. चारही रील आणि भरलेले जास्तीचे स्पूल तिघांच्या हातातल्या पिशव्यांत विभागणार आहोत. हुक आणि लूर तिघांच्या तीन सुटकेसमध्ये वाटून टाकणार, म्हणजे एखादी सुटकेस मागे राहिली तरी उरलेल्या दोघांच्या साहित्यावर तिघे गरवू शकतील. शिसे तेथेच घेणार. नळी न पोहोचल्यास बोटवाल्याकडचे रॉड मिळतील का हेही विचारून ठेवले आहे.

तांबोशी

तिघांत वाटण्याची कल्पना उत्तम. चेन्नईपर्यंत आणि पुढचे तिकीट एकाच पीएनआरवर आहे ना? वेगवेगळे असेल तर सामान चेन्नईला काढून पुन्हा द्यावे लागेल आणि दोन्ही कंपन्यांचे वजनाचे नियम वेगवेगळे लागतील.

खाडीकाठ

एकाच पीएनआरवर आहे, सामानाला थेट पोर्ट ब्लेअरचा टॅग लागेल.

खाडीकाठ

अंदमानहून परतलो, म्हणून धागा वर आणतो आहे.

जाताना पुण्यात रील स्वतंत्र ट्रेमध्ये ठेवली, जवानाने एक हातात घेऊन स्पूल फिरवून पाहिले, कुठे जाता ते विचारले आणि पुढे सोडले. परतताना मात्र तेथल्या तपासणीत लीडरच्या जाड नायलॉनचे वेष्टण थांबवले गेले. दोरी इतकी जाड आणि मजबूत होती की ती केबिनमध्ये नेऊ नये असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. आमचा एक मित्र अजून सामानाच्या काउंटरजवळच होता, त्याच्या सुटकेसमध्ये ते घालून दिले. तेव्हा रीलवरची दोरी चालली तरी शंभर पौंडांहून जास्त ताण सोसणारे सुटे लीडर सामानातच द्यावे, अशी भर मी दर्यावर्दी यांच्या यादीत घालतो. नळी दोन्ही वेळा शाबूत आली.

प्रवासी_पक्षी

अभिनंदन! खाऱ्या पाण्यातले साहित्य परतताना ओले असणार, ते तसेच भरले का? माझा रॉड आता आला आहे, म्हणून विचारतो.

खाडीकाठ

आदल्या संध्याकाळी सर्व साहित्य गोड्या पाण्याने धुतले. रील धुताना ड्रॅग घट्ट केला, म्हणजे आत पाणी शिरत नाही, आणि वाळल्यावर पुन्हा सैल केला. रॉड खोलीत पंख्याखाली रात्रभर उभे ठेवले, गाइडच्या बुडाशी मीठ राहते तेथे जुना ब्रश फिरवला. वापरलेले हुक मात्र डब्यात भरले नाहीत, कारण एक गंजका हुक बाकीच्यांनाही गंज लावतो. ते पुन्हा टोप्या घालून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि वेगळ्या प्लॅस्टिकच्या बरणीत, बरणीवर नाव घालून, सुटकेसमध्ये ठेवले. तुम्ही कुठे निघाला आहात ते सांगा, नळीचे माप त्यावरून ठरवू.

प्रवासी_पक्षी

मे महिन्यात तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी, दिल्लीहून भुंतरच्या छोट्या विमानाने. रॉड चार तुकड्यांचा, साडेसहा फुटी आहे.

गणितवेडा

साडेसहा फूट म्हणजे १९८ सेंटिमीटर, चार तुकड्यांत प्रत्येकी जोडासह ५३ च्या आसपास. तुम्हाला नळीची गरजच नाही, तो केबिनच्या पिशवीतही मावेल. पण छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात आणि डोंगरातल्या धावपट्टीवर वजनाची मर्यादा कडक असते, म्हणून सामानाची मर्यादा तिकिटावर पाहून घ्या आणि रॉड सुटकेसच्या मधोमध, कपड्यांच्या दोन थरांत ठेवा. स्पिनरचे हुक टोप्या घालून त्याच सुटकेसमध्ये.